खेळाडू आणि कायदा : एका उपेक्षित अभ्यासविषयाची प्रस्तावना

रावेर तालुक्यात खेळ आणि नोकरी यांचा विचार एकत्रच होतो. सातपुड्याच्या पायथ्याचे गाव असो की तापीकाठचे, स्वतःची केळीची बाग असलेले घर असो की त्या बागेत रोजंदारीने जाणारे. मुलगा आखाड्यात उतरला किंवा मुलगी कबड्डीच्या संघात आली, की घरात भरतीचा विषय निघतोच. पोलीस, राज्य राखीव पोलीस दल, सैन्य, रेल्वे ही नावे इथल्या पोरांच्या कानावर मैदानातच पहिल्यांदा पडतात. पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर व १०० मीटर धावावे लागते, गोळा फेकावा लागतो आणि या तिन्हींचे मिळून ५० गुण असतात, हे बारावीच्या मुलाला अभ्यासक्रमाइतकेच पाठ असते. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याच्या कडेने पहाटे धावणारी मुले केवळ हौसेखातर धावत नाहीत.

या वाटेने गेलेल्यांचा खानदेशाला अभिमान आहे आणि तो असायलाच हवा. चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचे विजय चौधरी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे महाराष्ट्र केसरी झाले आणि पुढे राज्य पोलीस दलात उपअधीक्षक झाले. लाल मातीतून वर्दीपर्यंतचा तो प्रवास जळगाव-धुळ्याच्या प्रत्येक तालमीत सांगितला जातो. या पुस्तकाचा विषय मात्र त्याच वाटेवर निघालेला, तितकाच होतकरू आणि तितकाच कष्टाळू असा दुसरा एक मुलगा आहे. सामन्यानंतरच्या भांडणात त्याचे नाव पोलीस ठाण्याच्या नोंदीत गेले. त्यानंतर त्याचे काय होते? कोण कोण त्याचा न्याय करते? कोणत्या कायद्याने, कोणत्या नियमाने, किती वर्षे?

वाचकांनी प्रथम एवढे लक्षात घ्यावे, की या प्रश्नांची उत्तरे देणारी एक सलग ज्ञानशाखा आपल्याकडे अजून उभी राहिलेली नाही. विधी महाविद्यालयांत ‘क्रीडा कायदा’ शिकवतात तेव्हा बहुतेक चर्चा होते ती करार, प्रक्षेपणाचे हक्क, मोठ्या लीग आणि उत्तेजक द्रव्ये यांची. महाविद्यालयीन खेळाडूवर येणारा प्रसंग त्यात बसत नाही. त्याचा एक तुकडा फौजदारी कायद्यात असतो, दुसरा सेवा कायद्यात, तिसरा क्रीडा संघटनेच्या नियमावलीत आणि चौथा महाविद्यालयाच्या शिस्तीच्या नियमांत. हे चारही तुकडे जोडून पाहण्याची गरज ज्यांना सर्वाधिक आहे त्यांना, म्हणजे खेळाडू, त्याचे पालक, प्रशिक्षक आणि शारीरिक शिक्षण संचालक यांना, हा विषय ऐन अडचणीच्या रात्री ठाण्याच्या बाकावर बसून शिकावा लागतो. तो त्याआधी, शांतपणे, घरी बसून वाचता यावा यासाठी हा प्रयत्न आहे.

सुरुवात मैदानापासूनच करू, कारण कायद्यानेही तिथूनच केली आहे. खेळात एकाने दुसऱ्याला पाडणे, धडकणे, चीत करणे हे रोजचेच. मग तो गुन्हा का होत नाही? याचे उत्तर भारतीय दंड संहितेच्या कलम ८७ मध्ये होते, आता ते भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ मध्ये आहे. अठरा वर्षांवरील व्यक्तीने जोखीम पत्करायला संमती दिली असेल आणि करणाऱ्याचा हेतू मृत्यू किंवा गंभीर दुखापत घडवण्याचा नसेल, शिवाय तसे घडणे संभाव्य आहे हे त्याला ठाऊकही नसेल, तर झालेली इजा गुन्हा ठरत नाही. या कलमाला जोडलेले उदाहरण वाचकांनी मुद्दाम वाचावे. त्यात दोन माणसे मौजेखातर तलवारबाजी करायचे ठरवतात. नियमाने खेळताना होणाऱ्या इजेला दोघांचीही संमती आहे असे मानले जाते. १८६० च्या संहितेत आलेले हे उदाहरण आजही जसेच्या तसे आहे. कुस्ती, कबड्डी, फुटबॉल या साऱ्या खेळांचे भारतीय कायद्यातले संरक्षण या तलवारबाजांच्या जोडीवर उभे आहे, याचे मला फार अप्रूप वाटते. नियमाने खेळणे ही त्यातली अट मात्र कुणी विसरू नये. आणखी एक गोष्ट: हे कलम अठरा वर्षांखालील खेळाडूच्या संमतीला तेच बळ देत नाही. अकरावी-बारावीच्या संघात बहुतेक मुले सोळा-सतरा वर्षांची असतात. तिथे अपघाताचे वेगळे कलम, हेतू आणि घेतलेली काळजी पाहावी लागते.

फुटबॉलने या प्रश्नाला जगात पहिल्यांदा धार आणली. १८७८ मध्ये इंग्लंडमध्ये लेस्टरच्या न्यायालयात ब्रॅडशॉ नावाच्या खेळाडूवर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला. सामन्यातल्या त्याच्या धडकेने प्रतिस्पर्ध्याचा मृत्यू झाला होता. न्यायाधीश ब्रॅमवेल यांनी ज्यूरीला दोन गोष्टी सांगितल्या. कायद्याने जे बेकायदेशीर आहे ते कोणत्याही खेळाचे नियम कायदेशीर करू शकत नाहीत. परंतु खेळाडू नियमांनुसार, मनात आकस न ठेवता खेळत असेल, तर त्याचा हेतू वाईट नव्हता असे मानता येते. ब्रॅडशॉ सुटला. वीस वर्षांनी, १८९८ मध्ये, मूर नावाचा खेळाडू सुटला नाही. त्याने प्रतिस्पर्ध्याच्या पाठीत गुडघा घालून त्याला जीवघेणे पाडले होते. त्यानंतर शतकभराने स्कॉटलंडच्या डंकन फर्ग्युसनने सामन्यात प्रतिस्पर्ध्याला डोके मारले. पंचांनी कार्डही दाखवले नव्हते, तरी १९९५ मध्ये न्यायालयाने त्याला तीन महिन्यांची कैद दिली. पंचाची शिट्टी वाजली नाही म्हणून कायदा गप्प बसतो असे नाही, हे या प्रकरणाने पक्के केले.

आपल्याकडे मात्र प्रकरणे मैदानावरच्या धडकेतून क्वचितच होतात. ती होतात सामना संपल्यावर. पंचाच्या निर्णयावरून बाचाबाची, मग ढकलाढकली, मग एक ठोसा. इथे कायद्यातले काही बारकावे प्रत्येक खेळाडूला माहीत असावेत असे मला मनापासून वाटते. साधी दुखापत हा अदखलपात्र गुन्हा आहे. ठाण्यात ‘एनसी’ म्हणजे अदखलपात्र नोंद होते आणि बहुधा तडजोडीने मिटते. पण त्याच ठोशाने समोरच्याचा दात पडला तर? न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार हाड किंवा दात मोडणे वा निखळणे ही गंभीर दुखापत आहे. दुखापत झालेल्याला पंधरा दिवस तीव्र वेदना होत राहिल्या किंवा तो रोजची कामे करू शकला नाही, तरीही ती गंभीरच. जुन्या संहितेत ही मुदत वीस दिवसांची होती, १ जुलै २०२४ पासून ती कमी झाली. गंभीर दुखापतीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि तो दखलपात्र गुन्हा आहे. म्हणजे एनसी आणि एफआयआर यांच्यात कधी कधी फक्त एका दाताचे अंतर असते.

याहूनही दुर्लक्षित बाब संख्येची आहे. समान उद्देशाने जमलेली पाच किंवा अधिक माणसे बेकायदेशीर जमाव ठरू शकतात आणि मग जमावातल्या एकाने केलेल्या कृत्याची जबाबदारी सगळ्यांवर येऊ शकते. फुटबॉलचा संघ अकरांचा, कबड्डीचा सातांचा. सहकाऱ्याला वाचवायला म्हणून अख्खा संघ धावून गेला, की फिर्यादीत अख्ख्या संघाची नावे येतात. त्यात भांडण सोडवायला गेलेलाही असतो.

ज्यांना या गोष्टीचे चित्र महाराष्ट्रातच पाहायचे असेल त्यांनी कोल्हापूरकडे पाहावे. पेठांतल्या तालमींनी कुस्तीबरोबर फुटबॉलही जिवापाड जपला असे ते शहर आहे. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ ही नावे तिथे घराण्याच्या नावांसारखी घेतली जातात, आणि २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. त्याच शहराने शाहू स्टेडियमबाहेरची हुल्लडबाजी, दगडफेक, पोलिसांनी नोंदवलेले गुन्हे आणि मध्येच थांबलेल्या स्पर्धाही पाहिल्या आहेत. एका गावाचे खेळावरचे प्रेम इतके उत्कट असावे आणि त्याचीच झळ तरुण खेळाडूंना बसावी, हा अभ्यासकाने हळुवारपणे हाताळायचा विषय आहे. फुटबॉलला दोष देऊन तो सुटत नाही.

खेळाडूच्या शरीराकडे कायदा कसा पाहतो, याविषयी सर्वोच्च न्यायालयाचा एक अलीकडचा निकाल वाचकांनी चुकवू नये. नवज्योतसिंग सिद्धू २७ डिसेंबर १९८८ रोजी पतियाळाच्या रस्त्यावर एका वृद्धाशी झालेल्या भांडणात सापडले, तेव्हा ते पंचविशीतले कसोटीपटू होते. तो वृद्ध मरण पावला. खटला सत्र न्यायालयातून उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१८ मध्ये केवळ एक हजार रुपये दंडावर थांबलेले प्रकरण पुनर्विचारात उघडले आणि १९ मे २०२२ रोजी त्यांना एक वर्षाची सक्तमजुरी झाली. मुष्टियोद्धा, मल्ल, क्रिकेटपटू किंवा अतिशय तंदुरुस्त माणूस प्रहार करतो तेव्हा त्याचा हातच शस्त्र ठरू शकतो, असा विचार न्यायालयाने त्या निकालात मांडला. आखाड्यात रोज जोर-बैठका काढणाऱ्या प्रत्येक मुलाने ही ओळ समजून घ्यावी. कमावलेल्या ताकदीबरोबर कायद्याच्या नजरेत जबाबदारीही वाढते. आणि ३३ वर्षांहून अधिक काळ एक क्षण माणसाचा पिच्छा पुरवू शकतो, हेही त्यात आहे.

आता ठाण्याकडे वळू. इथे भीती फार आणि माहिती थोडी, म्हणून सावकाश वाचावे. गुन्हा दाखल झाला म्हणजे अटक होणारच, ही समजूत सर्वत्र आहे. सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१४ रोजी अर्नेश कुमार प्रकरणात सांगितले, की सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक आपोआप करायची नाही. ती का आवश्यक आहे हे पोलिसांना नोंदवावे लागते, एरवी हजर राहण्याची नोटीस द्यायची. वर पाहिलेली गंभीर दुखापत याच मर्यादेत येते. नोटीस आली की हजर राहायचे, तारीख चुकवायची नाही, इतके पाळले तरी पुष्कळ गोष्टी सावरतात. ‘चॅप्टर केस’ नावाने ओळखली जाणारी प्रतिबंधक कारवाई ही शिक्षा नसते, शांतता राखण्याची हमी असते. तरी तिची नोंद पुढे विचारली जाऊ शकते, म्हणून तिचेही कागद जपून ठेवावेत. वकील परवडत नसेल तर १९८७ च्या कायद्याने तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कोठडीतली माणसे यांना तिथे उत्पन्नाची अट नाही. सातपुड्यातल्या आदिवासी पाड्यांवरून आमच्या महाविद्यालयांत येणाऱ्या खेळाडूंनी ही सोय हक्काने वापरावी.

अठरा वर्षांखालील मुलांचा विचार कायद्याने वेगळा केला आहे आणि तो करुणेने केला आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या नियमांनुसार अतिगंभीर गुन्हा सोडून इतर गुन्ह्यांत मुलावर एफआयआर नोंदवत नाहीत. ठाण्याच्या डायरीत नोंद करून बाल न्याय मंडळाकडे अहवाल पाठवतात. परंतु तोच गुन्हा प्रौढांसोबत मिळून केल्याचा आरोप असेल तर एफआयआर होते. कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालयाची मुले एकाच मैदानावर सराव करतात, एकत्र प्रवास करतात, एकत्र भांडणात सापडतात. सतरा वर्षांच्या मुलाचे संरक्षण एकोणीस वर्षांच्या मित्राच्या सोबतीने पातळ होऊ शकते. प्रशिक्षकांनी हे लक्षात ठेवावे. अशा मुलाला दोषी धरले गेले तरी, प्रौढ म्हणून खटला चाललेल्या अपवादात्मक प्रकरणांखेरीज, त्या नोंदीमुळे पुढे कोणतीही अपात्रता चिकटत नाही, असे कलम २४ सांगते. २०१९ मध्ये रमेश बिश्नोई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अल्पवयातल्या आरोपावरून सुरक्षा दलातली नियुक्ती नाकारणे अयोग्य ठरवले.

या पुस्तकाचे हृदय मात्र न्यायालयात नाही, एका छापील कागदात आहे. त्याचे नाव साक्षांकन नमुना. निवड झाल्यावर उमेदवाराने तो भरायचा असतो आणि त्यात विचारलेले असते: तुम्हाला कधी अटक झाली आहे का, तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का, खटला प्रलंबित आहे का, निकाल काय लागला. मैदानी चाचणी झाली, लेखी परीक्षा झाली, गावात पेढे वाटून झाले आणि मग हा कागद समोर येतो. गावात कुणीतरी सांगते, “केस मिटली ना, मग कशाला लिहितोस?” मुलगा ‘नाही’ लिहितो. चारित्र्य पडताळणीत पोलीस ठाण्याचा अहवाल जातो आणि नियुक्ती रद्द होते. खानदेशातल्या तरुण खेळाडूला भांडणाने जेवढे नुकसान होत नाही तेवढे त्या एका खोट्या उत्तराने होते, असे माझे मत आहे.

या प्रश्नावरचा कायदा समजून घ्यायचा तर तीन निकाल क्रमाने वाचावेत. पहिला १७ मार्च २०११ चा, दिल्ली पोलीस आयुक्त विरुद्ध संदीप कुमार. विशीच्या आसपासच्या एका तरुणावर मारहाणीचा गुन्हा होता, तडजोड होऊन तो सुटला होता आणि पोलीस दलाच्या अर्जात त्याने ते लिहिले नव्हते. न्यायमूर्ती मार्कंडेय काट्जू यांनी तरुणपणी होणाऱ्या आगळिकीकडे क्षमाशील नजरेने पाहायला हवे, असे म्हटले आणि त्याच्या बाजूने निकाल दिला. लंडनच्या न्यायालयात गोंधळ घालणाऱ्या वेल्श विद्यार्थ्यांना १९७० मध्ये लॉर्ड डेनिंग यांनी तुरुंगातून सोडले होते, त्या प्रसंगाची आठवण त्यांनी इथे काढली. दुसरा निकाल २१ जुलै २०१६ चा, अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार. आधीच्या निकालांत एकवाक्यता नव्हती, म्हणून तीन न्यायमूर्तींच्या पीठाने नियम बांधून दिले. माहिती खरी द्यायलाच हवी. मात्र लहान वयात घोषणा देण्यासारखे किरकोळ प्रकरण लपवले गेले असेल, तर नियोक्ता ते दुर्लक्षित करू शकतो. गंभीर प्रकरण लपवले तर नियुक्ती रद्द होऊ शकते. आणि सर्व काही खरे सांगितले तरीही उमेदवार योग्य आहे का, हे तपासण्याचा अधिकार नियोक्त्याकडे राहतोच.

हा शेवटचा भाग कठोर आहे आणि तो किती कठोर आहे हे तिसऱ्या निकालात दिसते. २०१८ मध्ये मध्य प्रदेश सरकार विरुद्ध अभिजितसिंग पवार या प्रकरणात उमेदवाराने खरे सांगितले होते, गुन्हा तडजोडीने मिटला होता, तरी पोलीस दलात न घेण्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवला. म्हणजे तडजोडीने सुटणे आणि निर्दोष ठरणे यांत पोलीस भरतीच्या दृष्टीने अंतर आहे. पंचायतीसमोर घाईने मिटवलेल्या प्रकरणाचा हा परिणाम फार थोड्यांना ठाऊक असतो. मग करायचे काय? माझे उत्तर स्पष्ट आहे: खरे लिहावे, आणि ‘निकाल काय लागला’ या रकान्यासाठी आधीच झटावे. निरपराध असाल तर खटला लढवून निर्दोष सुटण्याला किंमत आहे. वाद खरोखर खासगी आणि किरकोळ असेल, तर गुन्हाच रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयाकडे जाता येते. जळगाव जिल्ह्यासाठी म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाकडे. खर्च आणि फेऱ्या आहेत, पण नोकरीची तीस-पस्तीस वर्षे समोर ठेवून तो हिशेब करावा.

दोषी ठरलेल्यांसाठीही कायद्यात दार आहे. अपराधी परिवीक्षा अधिनियम, १९५८ नुसार एकवीस वर्षांखालील तरुणाला, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, शक्यतो तुरुंगात पाठवायचे नाही. पाठवायचेच असेल तर न्यायालयाने कारणे नोंदवायची. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्याला त्या दोषसिद्धीची अपात्रता लागत नाही, असे कलम १२ म्हणते. सेवेत असलेल्याच्या मूळ वर्तनाची चौकशी खाते तरीही करू शकते, हे १९९० च्या बक्षी राम निकालात स्पष्ट झाले आहे. पासपोर्टाचा प्रश्नही इथलाच: फौजदारी खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो आणि परदेशातल्या स्पर्धेसाठी न्यायालयाची परवानगी आणावी लागते.

खेळाडूचा न्याय एकाच ठिकाणी होत नाही, हे समजण्यासाठी २०१३ चे आयपीएल स्पॉट-फिक्सिंग प्रकरण पुरेसे आहे. १६ मे २०१३ रोजी दिल्ली पोलिसांनी श्रीशांत, अजित चंडिला आणि मुंबईचा डावखुरा फिरकी गोलंदाज अंकित चव्हाण यांना अटक केली. पुढे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा ‘मोक्का’ही लावला. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने तिघांना आरोपमुक्त केले. क्रिकेट मंडळाने घातलेली बंदी मात्र उठली नाही, कारण मंडळाच्या चौकशीची मोजपट्टी वेगळी असते. तिथे वाजवी शंकेपलीकडचा पुरावा लागत नाही. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने श्रीशांतला न्यायालयात आरोपमुक्ती मिळाली म्हणून बंदी आपोआप जात नाही, पण शिक्षा गुन्ह्याच्या प्रमाणात हवी, असे सांगून फेरविचार करायला लावला आणि आजीवन बंदी सात वर्षांवर आली. चव्हाणवरील बंदीही पुढे तेवढीच झाली. गोलंदाजाच्या आयुष्यातली सात वर्षे म्हणजे बहुतेक सगळेच.

उत्तेजक द्रव्यांचा कायदा हे स्वतंत्र शास्त्र आहे. त्यावर चांगले लेखन उपलब्ध असल्याने इथे त्याला थोडीच जागा दिली आहे. बनावट क्रीडा प्रमाणपत्रांना मात्र ती दिलीच पाहिजे. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, आणि ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांची खोटी प्रमाणपत्रे दाखवून ते लाटल्याची प्रकरणे महाराष्ट्रात उघडकीस आली. अशा प्रत्येक खोट्या कागदाने खऱ्या खेळाडूची एक जागा गेली. ‘एजंट’ जेव्हा रावेरच्या किंवा यावलच्या मुलाला असे प्रमाणपत्र मिळवून देतो म्हणतो, तेव्हा तो त्याला फसवणुकीच्या आणि बनावट दस्तऐवजाच्या गुन्ह्यात ओढत असतो.

या विषयाचे सर्वांत विपुल साहित्य अमेरिकेत आहे, कारण तिथे महाविद्यालयीन फुटबॉल (म्हणजे अमेरिकन फुटबॉल) हाच मोठा व्यवहार आहे. ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ आणि ‘सीबीएस न्यूज’ यांनी २०११ मध्ये अव्वल २५ महाविद्यालयीन संघांच्या खेळाडूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुमारे ७ टक्के खेळाडूंच्या नावावर पोलीस नोंद आढळली. हा आकडा अनेकदा घाबरवण्यासाठी वापरला जातो. वाचकांनी तो उलटूनही पाहावा, की ९३ टक्क्यांच्या नावावर काहीच नव्हते. त्या साहित्यातली दोन माणसे मला सतत आठवतात. मॉरिस क्लॅरेट ओहायो स्टेटला २००२ च्या मोसमाचे राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारा ‘रनिंग बॅक’ खेळाडू. २००६ मध्ये सशस्त्र लूटमारीच्या प्रकरणात पकडला गेला आणि तुरुंगात गेला. ब्रायन बँक्स कॅलिफोर्नियातला शाळकरी फुटबॉलपटू, एका नामवंत विद्यापीठाचे दार त्याच्यासाठी उघडले होते. २००२ मध्ये सोळाव्या वर्षी त्याच्यावर बलात्काराचा खोटा आरोप झाला. आयुष्यभराच्या कैदेच्या भीतीने त्याने आरोप न लढवण्याचा मार्ग पत्करला आणि पाच वर्षे तुरुंगात काढली. मे २०१२ मध्ये त्याची दोषसिद्धी रद्द झाली आणि २०१३ मध्ये अटलांटाच्या व्यावसायिक संघाने त्याला करारबद्ध केले. तोपर्यंत खेळाची सर्वोत्तम वर्षे गेली होती.

बँक्सची कथा वाचून प्रत्येक तक्रार संशयास्पद मानू नये, ही माझी वाचकांना कळकळीची विनंती आहे. २०१६ मध्ये टेक्ससच्या बेलर विद्यापीठात फुटबॉलपटूंविरुद्धच्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी नीट हाताळल्या गेल्या नाहीत म्हणून प्रशिक्षकाला काढावे लागले आणि अध्यक्षांनाही पद सोडावे लागले. संघ जिंकतो म्हणून तक्रार दाबणे हाही या क्षेत्रातला जुना रोग आहे. आपल्याकडे २०२३ मध्ये महिला मल्लांना लैंगिक छळाचा गुन्हा नोंदवून घेण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. त्या वेळी खेळाडू फिर्यादी होत्या. मे २०२१ मध्ये दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममधल्या मारहाणीत प्राण गमावलेला सागर धनखड हाही तेवीस वर्षांचा मल्लच होता. त्या प्रकरणी ऑलिंपिक पदकविजेते सुशील कुमार यांच्यावर खटला आहे. बातम्यांत आरोपीचे नाव मोठे असते. अभ्यासकाने गेलेल्या मुलाचे नावही तितक्याच अक्षरांत लिहावे.

हे पुस्तक कसे वाचावे? कायद्याची पार्श्वभूमी नसेल तर कलमांच्या आकड्यांनी बिचकू नका. प्रत्येक प्रकरणात आधी घडलेली गोष्ट पाहा, मग ती कोणकोणत्या चौकटींत तपासली गेली ते पाहा, आणि शेवटी कलमाकडे या. तुम्ही भरतीची तयारी करणारे खेळाडू असाल तर साक्षांकन नमुन्याच्या प्रकरणापासूनच सुरुवात करा. पालक असाल तर ठाण्याचे प्रकरण आधी वाचा आणि तालुका विधी सेवा समितीचा पत्ता लिहून ठेवा. वकील मित्रांनी सेवा कायद्याच्या निकालांत भर घालावी. उच्च न्यायालयाच्या आपल्या खंडपीठाचे असे निर्णय मराठीत एकत्र आणण्याचे काम अजून व्हायचे आहे.

शारीरिक शिक्षण संचालकांना वेगळी विनंती आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा हंगाम सुरू होण्यापूर्वी, संघ निवडल्याच्या आठवड्यात, एक तास या विषयाला द्या. तालुक्याचा एखादा वकील बोलवा, साक्षांकन नमुन्याची कोरी प्रत मुलांच्या हातात द्या आणि ती वर्गात भरून घ्या. त्यासाठी वेगळा निधी लागत नाही आणि कुणाची परवानगीही लागत नाही.